सिअ‍ॅटलमध्ये वांगी लावणाऱ्या भाचीस

चि. मनूस,


ताईचा फोन आला होता. तू यंदा घरामागे वांगी लावणार, आणि बी ती सांगलीहून धाडणार, असं तुमचं परस्पर ठरलंय म्हणे. लाव, जरूर लाव. पण ताईची रीत कृष्णाकाठची, आणि तू राहतेस ४७ अंश उत्तर अक्षांशावर, प्युजेट साउंडच्या गार पाण्याशेजारी. तिथे ती रीत चालायची नाही. फोनवर सांगितलं तर निम्मं विसरशील, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी हवेचं बोलू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तिथे जो तो शेवटच्या दहिवराची (फ्रॉस्टची) तारीख विचारतो. दहिवर सरलं की रोपं बाहेर. कोबी-वाटाण्याला तेवढं पुरतं, वांग्याला पुरत नाही. सिअ‍ॅटलमध्ये दहिवर एप्रिलपर्यंत बहुतेक संपलेलं असतं, तरी जूनच्या रात्री सरासरी १२ अंशांवरच असतात. म्हणजे पुण्यात डिसेंबरात जशी रात्र पडते, तशी तुमची जूनची रात्र. पुण्याला डिसेंबरातही वांगी धरतात, पण तिथे दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. तुमच्याकडे जूनची दुपार बाविशीच्या आतबाहेर. ऐन जुलै-ऑगस्टातही रात्रीची सरासरी १४ अंशच. आणि रात्र १० अंशांखाली गेली की वांग्याचं रोप कुढायला लागतं. मरत नाही, हीच खरी पंचाईत. पानं हिरवी, खोड ताठ, आणि रोप महिनाभर जागचं हलत नाही. पुढे ऊन पडलं तरी मागे राहिलेलं ते मागेच राहतं. लोक मग खताला दोष देतात, मातीला देतात. तू मात्र रात्रीच्या पाऱ्यावर नजर ठेव. (मी सगळे अंश सेल्सिअसमध्ये लिहितेय. बियांच्या पाकिटांवर फॅरनहाइट असेल, ते तुझं तू बघ.)

आता बियांचं. ताईच्या डोळ्यांपुढे मांजरी गोटा आहे, गोल, काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचं. भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं नाही, हे मीही मान्य करते. पण भारतातून पेरणीचं बी अमेरिकेत आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. थोड्या बियांसाठी तिथल्या कृषिखात्याचा वेगळा परवाना मिळतो, पण त्याच्याही अटी असतात. ताईला सांग, मेतकुटाच्या डब्यात पुडी लपवून पाठवू नकोस. रीतसर आलं तर एखादं रोप हौसेखातर लाव. भिस्त त्याच्यावर ठेवू नकोस.

भिस्त ठेवायची ती लवकर येणाऱ्या, लहान फळांच्या जातींवर. ‘फेअरी टेल’ ही माझी पहिली पसंती. २००५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सच्या निवडीत आलेली जात. झाड ठेंगणं, फळ बोटभर, जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, झुपक्यानं लागणारं. गोल नसलं तरी देठाकडून चार चिरा देऊन मसाला भरता येतो. दुसरी ‘हॅन्सेल’, तीही तशीच लहान. आणि लांब वांगी हवी असतील तर ‘ओरिएंट एक्सप्रेस’; गारव्यातही तिची फळं बऱ्यापैकी धरतात. ‘ब्लॅक ब्यूटी’चं पाकीट तुला प्रत्येक दुकानात दिसेल, चित्रही भुरळ पाडणारं असेल. ते घेऊ नकोस. एवढं मोठं फळ भरायला जी ऊब लागते ती तुझ्या अंगणात साठत नाही; सप्टेंबर संपता संपता झाडागणिक एखाददुसरं हाती लागेल. भरताची वांगी खुशाल विकत आण. ऑगस्टात शेतकरी बाजारात कॅस्केड डोंगरांपलीकडच्या, याकिमा खोऱ्यातल्या शेतांचा माल येतो. तिथे जुलैची दुपार तिशीच्या वर असते, भरताचं वांगं त्यांनीच पिकवावं.

पाकिटावर ‘इतके दिवस’ असं लिहिलेलं असतं, त्यानं फसू नकोस. ५५ दिवस लिहिले असतील तर ते पेरणीपासूनचे नव्हेत. रोप बाहेर लावल्यापासूनचे, आणि तेही चांगल्या उबदार हवेतले. तुझ्याकडे त्यात तीनेक आठवडे सहज वाढतील.

पेरणी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कर. पाडव्याला मुहूर्त करते म्हणशील, पण पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलच्या मध्यात. वांगी तेवढी थांबत नाहीत. जानेवारीत पेरायचा उत्साहही नको, मे महिन्यापर्यंत कुंडीत मुळं गुंडाळून बसतात. आपल्याकडे गादीवाफ्यावरचं रोप पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतं. तुला त्याला जून उजाडेपर्यंत घरात सांभाळावं लागेल.

बी रुजायला माती २७ ते ३० अंश हवी. हवा नव्हे, माती. तुमच्या घरात मार्चात १८-१९ अंश असतात. तेवढ्यावर बी तीन आठवडे पडून राहतं आणि पुष्कळदा कुजतं. म्हणून ट्रेखाली घालायची हीट मॅट घे. ती माती खोलीपेक्षा पाच ते दहा अंशांनी गरम ठेवते, आणि आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. बी अर्धा सेंटिमीटर खोल, प्रत्येक कप्प्यात दोन, वर झाकण. कोंब दिसला की झाकण त्याच दिवशी काढ आणि रोपं उजेडात ने. दमट, कोंडलेल्या हवेत रोपांना मर लागते: खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि चांगलं टवटवीत रोप सकाळी आडवं दिसतं. छोटा पंखा हळू फिरता ठेव आणि पाणी खालच्या ताटलीतून दे.

उजेडात हयगय करू नकोस. खिडकीत ठेवलेली रोपं काचेकडे माना लांबवतात आणि खोडात काही दम राहत नाही. मार्चात दिवस १२ तासांचा असला तरी त्यातले निम्मे ढगांत जातात. साधा एलईडी दिवा रोपांच्या डोक्यावर वीतभराहून कमी अंतरावर टांग, १४ ते १६ तास चालू ठेव, रोप वाढेल तसा वर घेत जा. दोन-तीन खरी पानं आली की रोप चार इंची कुंडीत हलव. मॅट तेव्हा काढली तरी चालते, पण खोली रात्री १८ अंशांखाली जाऊ देऊ नकोस. याच दिवसांत पानांच्या मागे मावा येतो. घरात त्याला खाणारं कोणी नसतं, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी पान उलटून बघायची सवय ठेव आणि दिसला की नळाखाली धुऊन काढ.

मे महिन्यात तुझा धीर सुटेल, हे मी आत्ताच लिहून ठेवते. दोन दिवस कडक ऊन पडेल, शेजारी टोमॅटो लावून मोकळे होतील, टिल्थ अलायन्सच्या रोपविक्रीत लोक गाड्या भरभरून रोपं नेतील. तू थांबायचंस. लागोपाठ आठवडाभर रात्री १२-१३ अंशांच्या वर राहिल्या की मग लावायचं. तुझ्याकडे ते बहुधा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होईल. त्याआधी आठ-दहा दिवस रोपं थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना हवेची सवय लाव. आधी सावलीत, मग उन्हात, आणि रात्री न चुकता आत.

लावायचं जमिनीत नको, कुंडीत. काळी, पाच गॅलनची, तळाला भरपूर भोकं असलेली. याला दोन कारणं. काळी कुंडी उन्हानं तापते आणि मुळांना जी ऊब देते ती तुमच्या जमिनीत जुलैपर्यंत येत नाही. आणि तिकडच्या गार मातीत व्हर्टिसिलियम नावाची बुरशी असते. बटाटा, टोमॅटो, स्ट्रॉबेरी होऊन गेलेल्या वाफ्यात तर हमखास. पानाचा एकच भाग पिवळा पडतो, दुपारी झाड माना टाकतं, आणि त्यावर औषध नाही. कुंडीत विकतचं नवं मिश्रण भरलं की तो घोर मिटला. पी-पॅचमध्ये तुझा नंबर लागलाच (शहराची ही सामायिक बागांची योजना १९७३ पासून चालू आहे, आणि रांगाही लांब आहेत), तर तिथे मेथी-पालक लाव. वांगी घरीच, दक्षिणेकडच्या भिंतीलगत, गाडी लावायच्या सिमेंटवर. ते सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतं. गाडी रस्त्यावर लावायला जावयांना सांग.

जून सरेपर्यंत कुंड्यांवर कमानी करून प्लास्टिक टाक. सकाळी उघडायचं, संध्याकाळी झाकायचं. तिकडे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही, तेव्हा जुलैपासून कुंडीला रोज पाणी लागेल. नळाचं गार पाणी थेट घालू नकोस. झारी सकाळी भरून उन्हात ठेव. खत दर दोन आठवड्यांनी, पातळ करून. माशाचं खत उत्तम, पण त्याच्या वासानं रॅकून येऊन कुंड्या उकरतात. पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते उड्या मारणारे काळे भुंगेरे, फ्ली बीटल. लहान रोपाला ते छळतात, मोठ्याला फारसं काही करत नाहीत. शेंडे आणि फळं पोखरणारी आपली अळी तिकडे नाही. चिरताना दर वांग्याशी धास्ती घ्यायला नको.

फूल आलं की चष्मा लावून नीट बघ. खाली मान घातलेलं जांभळं फूल, मध्ये पिवळ्या परागकोशांचा शंकू, आणि शंकूच्या टोकातून बाहेर डोकावणारी हिरवट कुक्षी. ती बाहेर आली असेल तर फळ धरायची आशा. शंकूत आतच राहिली असेल तर ते फूल गळणार. अशी आखूड फुलंच जास्त दिसू लागली, तर झाड उपाशी आहे किंवा गारठलंय असं समज. पराग त्या शंकूच्या टोकाच्या बारीक भोकांतून सांडतो, आणि तो सांडायला फूल थरथरावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. केसाळ, गुबगुबीत बंबलबी फुलाला लटकून गुणगुणते आणि पराग झाडून घेते. तुझ्या भिंतीशी ती फिरकत नसेल तर जुना इलेक्ट्रिक टूथब्रश घे आणि दुपारच्या उबेत फुलाच्या देठाला मागून दोन-तीन सेकंद टेकव. शेजारी हसतील, हसू दे.

ऑगस्टच्या मध्यावर तोडा सुरू होईल. साल चकचकीत असेपर्यंत तोडायचं. अंगठ्यानं हलकं दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. साल निस्तेज झाली की आत बिया कडक आणि चव कडवट. देठ कात्रीनं काप, ओढू नकोस, फांदी चिरफाळते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून नवी फुलं खुडून टाक, त्यांची फळं व्हायला आता दिवस उरलेले नसतात. झाडाची ताकद आहे त्या फळांत जाऊ दे.

आता राहिला चातुर्मास. तिकडचा हंगाम नेमका त्यातच येतो. कांदेनवमीला तुझ्या झाडांवर जेमतेम फुलं असतील, आणि कार्तिकी एकादशी होईपर्यंत झाडं गारठून गेलेली असतील. तू आणि जावई पाळत नाही, तुम्ही खा. पण तुझ्या सासूबाई सप्टेंबरात येताहेत आणि त्या कडक पाळतात. त्यांच्या पानात वाढून धर्मसंकट उभं करू नकोस. जास्तीची वांगी गॅसवर भाजून, सोलून, गर डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाक. दोन-तीन महिने छान राहतो. लहान वांग्यांचं सोलणं किचकट आहे, जावयांना बसव. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे कर आणि त्या गराचं भरीत. कांद्याची पात आधीच आणून ठेव, आयत्या वेळी इंडियन स्टोअरमध्ये मिळेलच असं नाही.

पाकिटं जानेवारीतच मागव, ‘फेअरी टेल’ लवकर संपतं.

तुझी,
मावशी