ध्वनियोजकाचा स्वतंत्र व्यवसाय आणि ग्राहकाचे समाधान

'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्माण केला, तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. ध्वनिमुद्रण बिघडले की सारा प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागे. कंपनीच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांनी ही जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. पुढे १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. चित्रपट आणि नाटक यांची कोल्हापुरातील परंपरा मात्र टिकून राहिली.

आज या नगरीत आणि आसपासच्या गावांत ध्वनीचे काम करणारे अनेक तरुण कोणाच्याही नोकरीत नाहीत. एक काम संपले की दुसरे शोधावयाचे, आणि ते बहुधा पहिल्या ग्राहकाच्या शब्दावर मिळावयाचे, असा हा व्यवसाय आहे. त्यातील अडचण अशी, की ध्वनी उत्तम असला तर तो कोणाच्या ध्यानात येत नाही. शिट्टी वाजली की सर्वांच्या माना वळतात. म्हणून ग्राहकाचे समाधान कार्यक्रमापूर्वीच साधावे लागते. जागा आधी पाहावी. वीजजोडणी, भूसंपर्कन आणि जनित्राची सोय तपासावी. वक्ते किती, गायन आहे काय, ध्वनिमुद्रण हवे काय, हे विचारून दर आणि इसाराची रक्कम लेखी द्यावी. पुढील बहुतेक तंटे या एका कागदाने टळतात.

ग्रामसभेचेच उदाहरण घेऊ. चावडीसमोर एकच कर्णा बांधून तो मोठ्याने लावण्याची प्रथा सर्वत्र दिसते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे पुढील रांगेतील वृद्ध कानांवर हात ठेवतात आणि कडेला बसलेल्या भगिनींना लाभार्थ्यांची नावे ऐकूच येत नाहीत. यादी वाचून दाखविल्याची नोंद इतिवृत्तात होते. ज्याचे नाव गळाले त्याला ते कळतही नाही. यावर उपाय खर्चाचा नाही. लहान ध्वनिक्षेपक कमी आवाजावर जागोजागी ठेवावेत. मात्र ध्वनीला ३४ मीटर जावयास सुमारे एक दशांश सेकंद लागतो. दूरच्या ध्वनिक्षेपकाला तेवढा विलंब दिला नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आजच्या मिक्सरमध्ये ही सोय बहुधा असते. ती वापरणारे थोडे.

ग्राहकाला नकार द्यावा लागतो असाही प्रसंग येतो. मिरवणुकीत मंडळाचे कार्यकर्ते आवाज 'अजून वाढवा' म्हणतात आणि पैसे तेच देणार असतात. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, राज्य शासन सवलत देऊ शकते. कानांचा हिशेब याहून कठोर आहे. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित मानले, तर प्रत्येक ३ डेसिबलला तो अवधी निम्मा होतो. १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. भिंतीशेजारी चालणाऱ्या लहान मुलांच्या आणि स्वतः ध्वनियोजकाच्या कानांनाही हाच हिशेब लागू आहे. काम स्वीकारतानाच ही मर्यादा त्या लेखी कागदावर घातली, तर ऐन मिरवणुकीत वाद घालावा लागत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि ठरल्या दिवशी ग्राहकाच्या हाती द्याव्यात, एवढे सांगणे पुरे.

शाळा, पंचायती आणि कार्यालये हेही ग्राहकच आहेत. व्यासपीठावरून पाचजणांनी पाच सूचना देण्याऐवजी एकाच व्यक्तीने ध्वनियोजकाशी बोलावे, कार्यक्रमापूर्वी त्यास चाचणीसाठी अर्धा तास द्यावा आणि त्याचे देयक वेळेवर मंजूर करावे.