कॅनच्या मागची बारीक अक्षरं

मोटारसायकलच्या ऑइलबद्दल गॅरेजच्या बाकड्यावर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. जाड ऑइल इंजिनाला चांगलं, आणि महाग ऑइल त्याहून चांगलं. यातली दुसरी गोष्ट माझ्या गाडीला कुंभार्ली घाटात चांगलीच महागात पडली.

कराड-चिपळूण हा माझा कामाचा रस्ता. गाडी दीडशे सीसीची, जुनी पण ठणठणीत. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाल्याकडे कुणाच्या तरी चारचाकीचं ऑइल उरलेलं होतं. फुल्ली सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०, चकचकीत कॅन. "सर, कारचं ऑइल हाय, आपल्या नेहमीच्यापेक्षा दुप्पट भावाचं. तुमच्यासाठी ठेवलंय." त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, होतं ते कौतुकच. आणि सुरुवातीला त्याचं म्हणणं खरंही वाटलं. इंजिनाचा आवाज उतरला, गिअर हलके पडायला लागले.

मग एकदा चिपळूणहून परतताना पोफळी मागे पडली आणि चढ सुरू झाला. पुढे एसटी. वळण संपल्यावर तिला ओलांडावं म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला, तर इंजिन नुसतं किंचाळलं. गाडी होती त्याच वेगाने रखडत राहिली. समोरून ट्रक येत होता, आणि एसटीच्या मागे परत शिरायला जेमतेम जागा मिळाली. वर जाऊन गाडी बाजूला घेतली, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं, तर आतून करपलेला, नाकाला झोंबणारा वास आला.

क्लच स्लिप मारत होता. कारण कळायला हवं असेल तर गाडीच्या पोटात डोकवावं लागतं.

मॅन्युअल गिअरच्या कारमध्ये क्लच कोरडा असतो, इंजिन ऑइलचा त्याला स्पर्शही होत नाही. गिअरबॉक्सचं ऑइलही निराळं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र पिस्टन, कॅम, गिअरचे दात आणि क्लचच्या प्लेटा सगळे एकाच लिटरभर ऑइलवर जगतात. गिअरच्या दातांना ऑइल निसरडं हवं. क्लचच्या प्लेटांना ते फार निसरडं चालत नाही, कारण त्यांचं कामच मुळी एकमेकींना घट्ट धरून ठेवायचं. कारच्या नव्या, पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं मुद्दाम मिसळतात, त्यात मॉलिब्डेनमची संयुगं बरीच वापरली जातात. कारला ती फायद्याची, पण ऑइलात बुडालेल्या क्लचला तीच नडतात. सपाट रस्त्यावर, एकट्याने, हळू चालवताना काहीच कळत नाही. चढ, ओझं आणि भरलेला ॲक्सिलरेटर एकत्र आले की प्लेटा सुटतात.

कारचं ऑइल घातलं की प्रत्येक गाडी स्लिप मारतेच, असं मात्र नाही. क्लचच्या स्प्रिंगा नव्या आणि कडक असतील तर निभावून जातं. म्हणूनच 'मी वर्षानुवर्षं घालतोय, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. गावाकडे तर ट्रॅक्टरच्या डब्यातलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल मोटारसायकलीत सर्रास जातं. त्यातल्या काही ऑइलवर मोटारसायकलला चालण्याचा शिक्काही असतो, काहींवर नसतो. शिक्का आहे का, एवढंच विचारायचं.

हा शिक्का म्हणजे जासो. जपानच्या वाहन उद्योगाने चार स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी १९९८ मध्ये 'जासो टी ९०३' नावाचं वेगळं मानक आणलं. त्यात ऑइल प्रत्यक्ष क्लचच्या प्लेटांवर तपासतात आणि पकड किती टिकते त्यावरून दर्जा देतात. पकड राखणारं ते एमए, कमी घर्षणाचं ते एमबी. पुढे २००६ च्या सुधारणेत एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग पडले, त्यातलं एमए२ जास्त पकडीचं. कॅन उलटा करून मागच्या बाजूला बघा. छोट्या चौकटीत वर नोंदणीचा कोड आणि खाली मोठ्या अक्षरांत दर्जा छापलेला असतो. कधी चौकट नसते, नुसतं 'जासो एमए२ ला अनुरूप' असं वाक्य असतं. दोन्हींत निवड करायची झाली तर मी चौकटवालं उचलतो. माझ्या गाडीत गेलेल्या त्या झकपक कॅनवर यातलं काहीच नव्हतं.

एमबी हे प्रामुख्याने गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. स्कूटरचा क्लच कोरडा, पट्ट्याच्या बाजूला, त्यामुळे तिथे पकडीचा प्रश्नच येत नाही. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर हे पक्कं ध्यानात ठेवा. मोटारसायकलचं एमए स्कूटरमध्ये पडलं तर फार तर ॲव्हरेज थोडं घटेल, पण स्कूटरचं एमबी मोटारसायकलीत पडलं तर घाटात पंचाईत. ऑइलचे अर्धे उरलेले कॅन एकाच फळीवर ठेवणाऱ्या घरांत ही गडबड हटकून होते.

आता जाडपणाचं. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० हे आकडे पाहून लोक सगळ्यात मोठा आकडा निवडतात, पावसाळ्यात जाड चादर घ्यावी तसे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहाचा, नंतरचा इंजिन तापल्यावरच्या जाडपणाचा. पहिल्या आकड्याची चाचणी कसली असते? १०डब्ल्यू ऑइलला उणे २५ अंशांवर इंजिन फिरवू द्यावं लागतं, २०डब्ल्यूला उणे १५ वर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपण त्याच्या जवळपासही जात नाही. मग आपल्या हवेला २०डब्ल्यू पुरे की, असं कुणीही म्हणेल, आणि नुसत्या हवामानाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण कंपनी ऑइल ठरवते ती फक्त हवामान बघून नाही. आतल्या फटी किती बारीक, पंप केवढा, ॲव्हरेज किती द्यायचं, या सगळ्यावर इंजिन बेतलेलं असतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला जो थोडा वेळ लागतो, तो जाड ऑइलने वाढतो, आणि झीज बरीचशी त्याच वेळात होते.

म्हणून हिरो स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलंय, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या आताच्या गाड्यांना १५डब्ल्यू-५०. दोघी एकाच गॅरेजसमोर उभ्या असतात आणि मिस्त्रीकडे ड्रम एकच असतो, तिथे घोळ होतो. 'हे पाण्यासारखं पातळ आहे' म्हणून स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू-५० ओतणारे मी पाहिलेत. इंजिन त्याने फुटत नाही, पण सकाळी जड चालतं, पिकअप मंदावतो आणि पेट्रोल जास्त जातं. एक अपवाद मला मान्य आहे. खूप चाललेली, ऑइल खाणारी जुनी गाडी असेल आणि तिच्या पुस्तकात दोन ग्रेड दिलेल्या असतील, तर त्यातली जाड घ्यावी. पुस्तकाबाहेर मात्र जाऊ नये. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळतं. काही इंजिनांवर तर ऑइल भरायच्या झाकणाजवळच ग्रेड कोरलेली असते. बोटाने चिखल पुसला की दिसते.

तिसरी खूण एपीआयची. एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी ती अक्षरं. वर्णमालेत जितकं पुढचं, तितकं नवं. एसएल २००१ चं, एसपी २०२० चं. तुमच्या पुस्तकात एसएल असेल आणि दुकानात एसएन मिळालं, तर बिनदिक्कत घ्या, अट एवढीच की सोबत जासो एमए हवं. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा जुन्या कॅनवर 'एनर्जी कन्झर्व्हिंग' दिसलं, तर ते कारचं इंधन वाचवणारं ऑइल आहे. ओल्या क्लचच्या गाडीने त्याच्या वाटेला जाऊ नये. काउंटरवर मिळणाऱ्या 'इंजिन ट्रीटमेंट'च्या बाटल्यांनाही माझा तोच नकार. घर्षण कमी करू म्हणणारी वस्तू क्लचला वगळून घर्षण कमी करत नाही.

आणि सिंथेटिक की मिनरल? यावर तासन्‌तास वाद घालता येतो, मला त्यात फारसा रस नाही. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, हे खरं. विदर्भातल्या मे महिन्यात गर्दीतून फिरणाऱ्याला किंवा रोज लांब पल्ला मारणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण शंभर सीसीच्या गाडीवर डेअरीपर्यंत जाणाऱ्याने पुस्तकातलं साधं ऑइल वेळेवर बदललं तर त्याचं इंजिन कुठेही कमी पडत नाही. महाग ऑइल घालून बदलायची मुदत दुप्पट ओढणारे मात्र फसतात. मोटारसायकलचा गिअरबॉक्स ऑइलला चेचतो आणि त्यातला जाडपणा टिकवणारा घटक झिजवतो. सिंथेटिकलाही ते चुकत नाही.

बदलायची वेळ किलोमीटरवर किंवा महिन्यांवर, जे आधी येईल ते. रंगावरून ठरवू नका. चांगलं ऑइल काळं पडतंच, कारण आतला मळ धरून ठेवणं हे त्याचं काम आहे. काळजी करायची ती दुधाळ झालं तर. पावसाळ्यात कोकणात हे खूप दिसतं. गाडी रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाते, इंजिन पुरतं तापतच नाही, आत साचलेला दमटपणा उडून जात नाही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चहाच्या सायीसारखा थर धरतो. थर फक्त झाकणाला असेल तर आठवड्यातून एकदा लांब फेरी मारून बघा. डिपस्टिकवरही दुधाळ आलं तर ऑइल ताबडतोब काढून टाका.

डिपस्टिकवरून आठवलं. चुकीच्या ऑइलने खराब झालेल्यांपेक्षा कमी ऑइलने जाम झालेली इंजिनं मी जास्त पाहिली आहेत. लहान इंजिनात मुळात लिटरभर किंवा त्याहून कमी ऑइल असतं, त्यातलं पाव लिटर जळून गेलं की बाकीच्यावर ताण येतो, आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गाडी मुख्य स्टँडवर सपाट जागी उभी करा. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढीच वाट बघा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती फिरवून बसवायची नसते, नुसती आत टेकवायची. फिरवून बसवली तर ती खोल जाते आणि कमी ऑइलही पुरेसं दिसतं. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीचं माप तर मोजूच नये.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ही वेळ तुमच्यावर आली तर क्रम उपयोगी पडेल. प्लेटा बदलायची घाई करू नका. आधी क्लचच्या लिव्हरला मोकळी चाल आहे का पाहा, टोकाशी साधारण एक ते दोन सेंटिमीटर. चालच नसेल तर केबल ताणलेली आहे आणि ऑइलचा काही दोष नाही. चाल ठीक असेल तर इंजिन गरम असताना ऑइल काढा, योग्य एमए ऑइल भरा, थोडी गाडी चालवून तेही काढा आणि पुन्हा नवं भरा. दुसऱ्यांदा भरायचं कारण असं की काही ऑइल आत चिकटून राहतंच. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सावरतात. माझी नाही सावरली, कारण स्लिप होत असतानाच मी तिला उरलेला घाट चढवला होता आणि प्लेटा करपल्या होत्या. नव्या प्लेटा घातल्या, त्या बसवण्याआधी ऑइलात भिजवाव्या लागतात. तो सोपस्कार मिस्त्री घाईत टाळत होता, तो मी उभं राहून करून घेतला. ड्रेन नटाचा वायसरही नवा घालायला लावला. जुना वायसर गळतो, मग मिस्त्री नट आणखी आवळतो आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या आट्या जातात.

आता ऑइल मी स्वतः विकत घेऊन जातो, सीलबंद. झाकणाखालची कडी तुटलेली नाही ना, आणि बाटलीवरची बॅच व तारीख पुसून पुन्हा छापल्यासारखी नाही ना, एवढं बघतो. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्या भंगारात विकल्या जातात आणि त्यांत काय भरून परत येईल याचा नेम नाही. म्हणून रिकामी बाटली गॅरेजमध्येच पान्याच्या टोकाने भोसकून टाकतो. मिस्त्रीला पहिल्यांदा ते जरा लागलं होतं. काढलेलं काळं ऑइल मात्र त्याच्याच पिंपात ओततो. ते घ्यायला अधिकृत माणूस येतो की नाही हे एकदा विचारून घेतलंय. घरी आणून लाकडाला वाळवीसाठी फासायचा आग्रह आमच्या शेजाऱ्यांचा असतो, पण त्यातलं जळकट हातांना आणि विहिरीच्या पाण्याला चांगलं नाही, म्हणून मी देत नाही.