उन्हाळ्यातील प्रयोगशाळा

(उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे विश्रांती, खेळ आणि गावाला जाणे. पण महाविद्यालयात शिकणारे काही विद्यार्थी या सुट्टीत प्रयोगशाळेत जातात. तेथे ते काय शिकतात, हे या पाठात सांगितले आहे.)

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात पारगाव नावाचे गाव आहे. तेथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्यांची रांग लागते. उसाचा रस निघतो आणि मागे चिपाडे उरतात. ती कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतात, गुऱ्हाळाच्या चुलवणातही जळतात. या चिपाडांचा जळणाशिवाय आणखी काही उपयोग होईल का?

चिपाडात सेल्युलोज नावाचा पदार्थ असतो. आपल्या वहीचा कागद आणि सुती सदरा हेही मुख्यतः सेल्युलोजच. त्याचा धागा उकलत गेलो, तर शेवटी फारच बारीक तंतू मिळतात. ते नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो! सेल्युलोजचे हे तंतू वजनाने हलके, पण फार मजबूत असतात.

इतक्या लहान आकारात पदार्थाचे काही गुण बदलतात. पिवळ्या सोन्याचे नॅनोकण पाण्यात माणकासारखे लाल दिसू शकतात. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये असे लाल द्रव तयार करून त्यांचा अभ्यास केला होता.

असे संशोधन परदेशातच होते, असे मात्र नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. परसातील गवती चहा शास्त्रज्ञांच्या असा उपयोगी पडला!

हे काम शिकायचे कसे? नुसती पुस्तके वाचून ते येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत राबावे लागते. म्हणून आपल्या देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. त्यांची कार्यालये बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथे आहेत. अर्जात विद्यार्थ्याने आपल्याला काय शिकायचे आहे, ते थोडक्यात लिहायचे. सोबत शिक्षकांचे शिफारसपत्र जोडायचे. निवड झाली, की दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळते.

समजा, पारगावची एक मुलगी बी.एस्सी.ला शिकते आहे. तिची अशी निवड झाली. तिने गावातूनच चिपाडे नेली. ती धुतली, वाळवली, दळली. रसायनांनी त्यांतील इतर घटक काढून टाकले. उरलेल्या सेल्युलोजपासून बारीक तंतू केले आणि त्यांचा कागदासारखा पातळ पापुद्रा वाळवला. आता तो किती ताण सहन करतो, हे यंत्रावर पाहायचे.

तिने पाच पापुद्रे तपासले. चार मजबूत निघाले. पाचवा मात्र लगेच फाटला. तिला वाटले, 'हा आकडा वहीत लिहिलाच नाही तर? निष्कर्ष किती छान दिसेल!'

मार्गदर्शक म्हणाले, "पाचवा आकडाही लिही. तो का फाटला, हेच तर आता शोधायचे आहे."

तिने पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात हवेचा एक बुडबुडा अडकला होता. पुढच्या वेळी तिने तंतूंच्या मिश्रणातील हवा आधी काढून टाकली. फाटलेल्या पापुद्र्यानेच तिला नवी रीत शिकवली. तो आकडा लपवला असता, तर हे तिला कधीच कळले नसते.

उन्हाळी प्रशिक्षणाचा खरा लाभ हाच आहे. दोन महिन्यांत मोठा शोध लागेलच, असे नाही. पण मोजणे, नोंद ठेवणे, पुन्हा करून पाहणे आणि जे दिसले ते खरेखरे सांगणे, या सवयी लागतात.

मुलांनो, 'आपण उर्दू शाळेत शिकतो, आपले गाव लहान, मग आपल्याला हे कसे जमेल?' असे मनात आणू नका. फॅरडे लोहाराचा मुलगा होता. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला आणि काम करता करता शास्त्रज्ञ बनला. भाषा मेहनतीने शिकता येते. मात्र प्रश्न विचारण्याची आणि खरे लिहिण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी लागते.

शब्दार्थ
चिपाड – रस काढून उरलेला उसाचा चोथा
चुलवण – गुऱ्हाळातील मोठी चूल
अर्क – पदार्थातून काढलेले सत्त्व
पापुद्रा – पातळ थर
उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली नोकरी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक नॅनोमीटर म्हणजे किती?
(आ) त्रिकोणी नॅनोकण तयार करण्यासाठी कोणत्या पानांचा अर्क वापरला?
२. पाचवा आकडा लिहिल्यामुळे मुलीला काय कळले? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. वाक्यांत उपयोग करा : गोडी लागणे, मनात आणणे.
४. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात वाया जाणाऱ्या एका वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.