आधी काट्रेजचा नंबर विचारा

‘जुनेच काट्रेज चालेल’ हे दुकानदाराने स्वतःच्या हाताने बिलाच्या मागे लिहून दिलं होतं. मी मागितलं म्हणून दिलं. ते बिल मी लॅमिनेट करून ठेवलंय, कारण “मी असं बोललोच नाही” हे नंतर त्याच्याच तोंडून तीनदा ऐकलं.

माझा जुना सहा रंगांचा फोटो प्रिंटर साडेसहा वर्षं चालला. हेड गेलं, नव्या हेडचा भाव ऐकला आणि नवा प्रिंटरच घ्यायचं ठरवलं. स्टुडिओच्या कपाटात जुन्या नंबरची १४ सीलबंद ओरिजिनल काट्रेजेस पडून होती; लग्नसराईआधी मी एकदम माल भरतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न तोच विचारला. “शेठ, मॉडेल पुढचं आहे, आत सगळं तेच. डोळे झाकून न्या.”

खोका उघडला आणि एका हातात जुनं काट्रेज, दुसऱ्या हातात नवं धरून बघत बसलो. लांबी तीच, रुंदी तीच, लेबलचा रंगही तोच. खालच्या कडेला प्लास्टिकचा एक उंचवटा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. जुन्यात तो डावीकडे होता, नव्यात मधोमध सरकवलेला. चिपवरचे सोनेरी ठिपकेही जागा बदलून बसलेले. शाई दोन्हींत डायचीच. शाई सुधारली असती, फोटो जास्त वर्षं टिकणार असते, तर मी एक शब्द बोललो नसतो. दाणाभर प्लास्टिक सरकवलं आणि माझा १४ काट्रेजेसचा माल गेला.

फोन केला. “कंपनीने बदललं, आम्ही काय करणार?” लिहून दिलं होतंत ना, म्हटलं. “तुम्हीच घाई केलीत.” घाई! मी दोन तास त्याच्या काउंटरवर उभा होतो.

प्रिंटरसोबत आलेल्या काट्रेजेसवर बारीक अक्षरात ‘सेटअप’ लिहिलेलं होतं. ती पूर्ण भरलेली नसतात, आणि त्यातलीही बरीच शाई पहिल्यांदा हेड भरण्यातच जाते. चेहरा आणि आकाश छापताना फिका मजेंटा आणि फिका सायन सर्वांत जास्त लागतात, तेच आधी संपले. नव्या ओरिजिनलचा भाव झेपेना, म्हणून कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला सेट मागवला. तीन आठवडे बिनतक्रार चालला.

मग ती संध्याकाळ. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा दुसऱ्या दिवशी तेरावा होता. त्यांचा मुलगा ओळखपत्रावरचा फोटो घेऊन आला होता. मी तो साफ केला, टोपीची कड नीट केली, मागचा निळा पडदा काढला. दीड तास गेला. प्रिंट दिली आणि स्क्रीनवर आलं : काट्रेज ओळखता येत नाही. सहाही रंगांवर फुल्या. काढून बसवलं, चिप पुसली, बंद करून चालू केलं. सकाळपर्यंत नीट छापणारा प्रिंटर हटून बसला होता. सेटिंगमध्ये शिरलो तेव्हा कळलं : दुपारी वायफायवरून अपडेट आपोआप उतरलं होतं. माझ्या पैशाने घेतलेल्या यंत्राने मला न विचारता माझीच शाई नाकारली. तो मुलगा समोरच्या स्टुलावर बसून होता, “होईल ना काका?” म्हणत होता. शेवटी रात्री नऊला बाजारपेठेतल्या दुसऱ्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणला. पिवळसर आला. त्या घरात भिंतीवर आजही तोच आहे, आणि मी गेलो की आधी तिकडेच नजर जाते.

काट्रेज ओळखते ती चिप, आणि चिपशिवाय दर्जा राहत नाही, असं कंपन्या आपल्याला सांगतात. मग हे ऐका. जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा, २०२२च्या सुरुवातीला, कॅननने युरोपात काही ऑफिस यंत्रांची टोनर काट्रेजेस चिपशिवाय विकली. इशारा आला तर तो कसा बंद करायचा हेही ग्राहकांना सांगितलं आणि छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही असं स्वतःच कळवलं. ते लेझर होतं, आपलं इंकजेट, पण चिपचं खरं काम काय हे त्यातून दिसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात २०१७ साली निकाल दिला की काट्रेज एकदा विकलं की त्यावरचा कंपनीचा पेटंटहक्क संपतो. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण माझं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं एवढं समाधान मला त्यातून मिळालं.

तुम्ही घेणार असाल तर प्रिंटरची किंमत नंतर विचारा. आधी काट्रेजचा नंबर विचारा, तो आपल्या गावच्या दोन दुकानांत मिळतो का बघा, सहा रंगांचा मिळून भाव काढा. परदेशातून कुणाला आणायला सांगू नका. बऱ्याच प्रिंटरना प्रदेशाचं कुलूप असतं. जुना साठा असेल तर एक काट्रेज खिशात घालून दुकानात न्या आणि समोर बसवून दाखवा म्हणा. नुसत्या लिहून दिलेल्यावर जाऊ नका, मी गेलो. पहिल्याच दिवशी ऑटो अपडेट बंद करा. शक्यतो वायफाय जोडूच नका, केबल लावा. कंपॅटिबल शाई वापरलीत तर रंगात फरक पडतो, कारण प्रिंटरचे रंगांचे हिशेब ओरिजिनल शाईवर बेतलेले असतात. गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःचा एक चेहरा छापून पाहा. आठवड्यातून एकदा नोझल चेक काढा. हेड क्लीनिंग मात्र सारखं करू नका, त्यात सहाही रंग खर्च होतात. आणि मेन स्विच मारू नका, आधी प्रिंटरचं बटण, म्हणजे हेड झाकणावर जाऊन बसतं. बिल जपून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

टाकीवाले प्रिंटर स्वस्त पडतात हे खरं, पण बाटल्यांचे नंबरही मॉडेलप्रमाणे बदलतात. तिथेही विचारूनच घ्या.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. लॅमिनेट केलेल्या बिलाचा फोटो जोडला. महिनाभराने त्या दुकानदाराने पाच काट्रेजेस परत घेतली, तीही उपकार केल्यासारखं तोंड करून, पैसे काउंटरवर टाकून. उरलेली नऊ अजून कपाटात आहेत, सीलबंद. त्यांची तारीख संपायला चार महिने आहेत. तालुक्यात कुणाकडे ते जुनं मॉडेल चालू असेल तर अर्ध्या भावात घेऊन जा. येताना तुमचं रिकामं काट्रेज सोबत आणा, नंबर जुळवूनच देईन.