पीसी चालू होत नाही? आधी वीज कुठपर्यंत पोचली ते बघा



मावळात पावसाळा सुरू झाला की एक तक्रार हमखास येते, "सर, पीसी चालूच होत नाही!" रात्री चांगला चालत होता, मध्ये दोनदा लाईट गेली, आणि सकाळी बटण दाबलं तर ना पंखा, ना दिवा. सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या पीसीला कोणी एक वाली नसतो. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, पण गेलाय कोणता भाग हे आपणच शोधायचं. मग अंदाजानेच पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवा एसएमपीएस आणला जातो आणि तो बसवूनही पीसी ढिम्म. पैसेही गेले आणि बिघाडही कळला नाही.

म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: वीज कुठपर्यंत पोचली? आपल्याच तालुक्यातल्या वळवण, शिरवटा तलावांचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात १९१५ पासून वीज तयार करतंय, हे मुलांना माहीत असतं. तीच वाट आता बोर्डापासून कॅबिनेटच्या आत शोधायची आहे.

सुरुवात भिंतीपासून. त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस बाजूला काढून पीसीची वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. वायर दुसरी लावून बघा. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण 'I' बाजूला आहे ना? साफसफाईत ते हमखास बंद होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग नसतं. आधी वायरमन, मग पीसी.

इथपर्यंत ठीक असेल तर वायर काढा, पीसीचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावा. जोराचा झटका बसला की एसएमपीएसमधलं संरक्षण सर्किट स्वतःला बंद करून घेतं. काही वेळा ते वीज पूर्ण तोडल्यावरच पूर्ववत होतं. लाईट जाऊन आल्यानंतर बंद पडलेले काही पीसी एवढ्यावरच सुरू होतात.

तरी काही नाही? मग खरा अभ्यास इथून. कॅबिनेटचं बटण ही साधी कळ आहे, मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडणारी. घरी जोडलेल्या पीसीत ही बारीक वायर निसटलेली किंवा शेजारच्या पिनांवर बसलेली सापडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्या दोन पिना शोधा, वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोघींनाच क्षणभर एकत्र स्पर्श करा. पीसी सुरू झाला तर बिघाड बटणात. इथला दाब फक्त काही व्होल्टचा असतो, त्यामुळे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आठवी-नववीचं मूलही हे करू शकतं.

नाही झाला, तर एसएमपीएस तपासा. वीज बंद करून त्याच्या सगळ्या वायरी आतल्या भागांपासून काढा आणि त्याला एखादा जुना कॅबिनेट फॅन जोडा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडा, मगच वीज चालू करा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाज करू नका, पुस्तिकेत १६ नंबरची पिन शोधा. फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस पास, असंही नाही. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. मात्र एसएमपीएसचा डबा कोणीही उघडायचा नाही, आपणसुद्धा नाही! आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

पंखा फिरून लगेच थांबत असेल तर ती वेगळी गोष्ट. कुठेतरी शॉर्ट असू शकतो. मदरबोर्डखालची एखादी पितळी खुंटी चुकीच्या जागी बसलीये का, एखादा स्क्रू आत पडलाय का, ते बघा. पंखे चालू पण स्क्रीन काळी, तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर लावायची राहिली असेल. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या खोडरबराने हलकेच पुसून घट्ट बसवा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम ठेवून बघा, मग एकेक भाग वाढवा. एका वेळी दोन बदल केले तर कशामुळे सुरू झाला ते कळत नाही. (मदरबोर्डवरचा सेल बदला, असा सल्ला सगळे देतात. सेल संपला की बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ आणि सेटिंग विसरली जातात.)

लोणावळ्यात धुकं खिडकीतून थेट घरात येतं. महिनाभर बंद ठेवलेला पीसी लगेच सुरू करू नका. वायर काढून, झाकण उघडून एक दिवस पंख्याखाली ठेवा. आत मुंग्या किंवा मेलेली पालही सापडते.

एवढं करूनही दुकानात न्यावाच लागला, तर मुलाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: काय तपासलं, किती व्होल्ट दिसले आणि वीज कुठपर्यंत पोचली होती. ती कॅबिनेटवर चिकटवूनच पीसी न्या.