भरतीची वेळ

पाठीवर एकेक पिशवी व गाठीस मोजके पैसे घेऊन दोन मित्र कोकणचा किनारा पायी पाहत हरिहरेश्वरास पोहोचले. सकाळचे १० वाजले होते. खडकांतील प्रदक्षिणा उरकून लगेच बागमांडल्याची फेरीबोट गाठावी, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचेल, असा धाकट्याचा हिशेब.

तोच एका वृद्ध कोळ्याने त्यांना अडविले. “पोरांनो, ती वाट ओहोटीची. आज अमावास्या, उधाणाची भरती दुपारी भरेल. पुढे सहा तासांनी पाणी उतरेल.”

धाकटा हिरमुसला. हिशेबात समुद्र धरलाच नव्हता! थोड्याच वेळात लाटांनी वाट दिसेनाशी केली.

सायंकाळी दोघे ओल्या खडकांवरून सावकाश प्रदक्षिणा करून आले. अंधार पडला होता. मुक्कामाचे भाडे द्यावेच लागले.