बाजारातलं गोऱ्हं गोठ्यात बांधण्याआधी

मृगाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यात जनावरांची खरेदी वाढते. वखर-तिफणीसाठी गोऱ्हे, दुधासाठी वगारी घेतल्या जातात. बाजारातलं वासरू रणरणत्या उन्हात गाडीत उभं राहून येतं, चार गावच्या जनावरांत मिसळून येतं आणि लगेच पावसात सापडतं. घटसर्प, म्हणजेच गळसुजी, नेमका अशा वेळी गाठतो.

याचा पाश्चुरेला जंतू धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशात दडून असतो. प्रवासाचा शीण, उपास, भिजणं यांनी जनावर खचलं की तो उचल खातो. ताप 104 ते 107 अंश, तोंडातून लाळ, गळ्याला गरम सूज, श्वासाची घरघर, आणि पुष्कळदा 24 तासांत जनावर दगावतं. म्हशींना आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या वासरांना धोका जास्त.

म्हणून लसीची तारीख महत्त्वाची. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. अमेरिकेतही वासरं मोठ्या पोसणी-गोठ्यांत पाठवण्याच्या काही आठवडे आधी श्वसनरोगांच्या लसी टोचून घेण्याची पद्धत आहे, कारण तिथेही प्रवासानंतरच फुफ्फुसं बिघडतात. आपल्याकडे घरच्या जनावरांना, सहा महिन्यांवरच्या वासरांसह, मेच्या मध्यापर्यंत लस द्यावी. सकाळी, ऊन चढण्याआधी. जंताचं औषध लसीच्या आठ-दहा दिवस आधी पाजावं. लस बर्फाच्या डब्यातूनच यावी. मात्र ती गोठलेली असेल तर घेऊ नये.

विकत घेताना दात आणि खांदा आपण बारकाईने पाहतो, लसीची तारीख मात्र विचारत नाही. विचाराच. कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावरून पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद पाहता येते. लस झालेली नसेल तर जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, बादली-गव्हाण वेगळी ठेवा, दोन-चार दिवस विसावा द्या आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने टोचून घ्या. वेगळा गोठा नसला तरी लांबच्या झाडाखालची दावण चालते. एवढं बहुतेक जण टाळतात, याची मला खरी काळजी वाटते.

गळा सुजलेला दिसला तर डाग देण्यात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा किंवा 1962 वर फोन करा; प्रतिजैविकाचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. मेलेलं जनावर नाल्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.